मशीन माहेरी गेलं

लाडक्याच्या घरी गवत कापायचं मशीन आलं तेव्हा पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर दिवाळीचं सारवण चाललं होतं, आणि शेणाचे हात तसेच ठेवून बायका बघायला आल्या. नितीननं ते जव्हारहून मोटरसायकलच्या मागं बांधून आणलं होतं. अंगणात उतरवल्यावर त्यानं खांद्याला पट्टे अडकवले, डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा चढवला, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले आणि दोरी ओढली. मशीन गुरगुरलं. पाड्यातली कुत्री आधी भुंकली, मग पळाली. नितीननं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि एवढ्या आवाजातही ऐकू जाईल अशा बेतानं ओरडून सांगितलं, की आता गवतासाठी कुणाला बोलवायला नको आणि कुणाच्या पाया पडायला नको, एकटा माणूस पुरे.

हे वाक्य त्यानं गिळलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण कचेरीत आठवडाभर साहेबाचं ऐकून घेणाऱ्या माणसाला शनिवारी थोडं मोठ्यानं बोलावंसं वाटतंच.

नितीन हा लाडक्याचा एकुलता एक मुलगा, जव्हारला सरकारी कचेरीत कारकून. बायको वर्षा जव्हारचीच, बाजारपेठेत वाढलेली, आता शाळेत शिक्षिका. दोघांचं बिऱ्हाड जव्हारला. लाडक्या मात्र पोशेऱ्यातच राहायचा, कारण घरामागच्या उतारावर वाडी होती. आंब्याची आणि काजूची ती झाडं नितीनच्या आईनं, गोदीनं, लावलेली. पहिल्या उन्हाळ्यात तिनं खालच्या ओहोळातून डोक्यावर हंडे वाहून ती जगवली होती. गोदी जाऊन तीन पावसाळे झाले, झाडं आता कुठे भरभरून धरायला लागली होती, आणि पाड्यात कुणीही त्या उताराला लाडक्याची वाडी म्हणत नसे. गोदीची वाडी, असंच म्हणत.

झाडांमधलं गवत हे या गोष्टीतलं खरं दुखणं. पावसाळ्यात ते माणसाच्या छातीला लागतं, दिवाळीला पिवळं पडतं आणि पौषात चालताना वाजायला लागतं. मग कुणाची तरी विडी, कुणाची तरी चूल, किंवा पलीकडच्या डोंगरावरून वाऱ्यानं आलेली एक ठिणगी, आणि वणवा लागला की काजू काय आणि आंबा काय. पूर्वी घरं गवतानं शाकारायची, तेव्हा गवत उभं राहायलाच मिळत नसे. आता पाड्यात पत्रे आले, स्लॅब आले, आणि गवत मोकाट सुटलं. गोदी गेल्यावर दोन वर्षं नितीननं खालच्या गावचे मजूर लावून निभावलं. यंदा तेही भातझोडणी आटोपून ठाण्या-भिवंडीकडे कामाला निघून गेले होते.

भाऊबिजेच्या संध्याकाळी ओट्यावर बसून लाडक्यानं विषय काढला. त्याला आडवळणानं बोलायची सवय नव्हती.

"माझं गुडघं गेलं," तो म्हणाला. "जिवा वाडी सांभाळायला मागतोय. निम्मा काजू त्याचा, निम्मा आपला. होळीपर्यंत सांगतो म्हटलं त्याला."

"बा, मी हाय ना," नितीन म्हणाला. "मशीन हाय."

"मशीन हाय खरं." लाडक्यानं मान हलवली. "होळीच्या आधी उतार साफ दिसला तं वाडी तुझ्या हातात. नाय तं जिवाला हो सांगतो. जळण्यापरीस त्याच्याकडं बरी."

जिवा म्हणजे शेजारच्याच घरचा, चांगला माणूस, नितीनला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेला.  पण नितीनला वाडी हवी होती. काजूसाठी नाही, काजू तो जव्हारच्या बाजारातूनही आणू शकला असता. त्याच्या आईचं या जगात जे काही उभं होतं ते तेवढंच होतं, आणि ते दुसऱ्याच्या हाती देणं त्याच्या जिवावर येत होतं. ती रात्र त्यानं मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचण्यात घालवली. ते चिनी, इंग्रजी आणि जर्मन भाषांत होतं.

मशीन पहिल्या दिवशी चाललं, नाही असं नाही. एक चहा उकळून गाळून होईल इतका वेळ चाललं. मग गवताच्या काड्या पात्याच्या मुळाशी गुंडाळून बसल्या आणि आतून जळका वास यायला लागला. नितीननं ते सोडवलं, पुन्हा दोरी ओढली, आणि दोरी हातात आली. दोरी म्हणजे सगळीच दोरी, मुठीसकट. तुटकं टोक धरून तो उतारावर उभा होता आणि खाली अंगणात लाडक्या तंबाखू मळत होता.  लाडक्यानं फक्त तंबाखू जास्त वेळ मळली.

मशीन जव्हारला गेलं. तिथे एसटी डेपोच्या मागल्या गल्लीत गौतम नावाचा मिस्त्री होता. मोटरसायकलपासून मिक्सरपर्यंत सगळं तो एकाच पान्यानं उघडायचा, आणि उघडलेलं बंद करायला त्याला वेळ मिळत नसे. त्यानं मशीन उघडलं, आत डोकावून लांबलचक हुंकार दिला आणि शनिवारी ये म्हणाला. शनिवारी त्यानं पुढच्या शनिवारचा वायदा केला. नवी दोरी बसली तेव्हा प्लग गेला होता. प्लग बसला आणि मशीन पोशेऱ्याला पोचलं, तर पातं बांधाच्या दगडावर आपटून दांडाच वाकला. मोटरसायकलनंही जव्हारच्या घाटात पंक्चर होऊन आपली सहानुभूती दाखवली. मग नितीन मशीन घेऊन एसटीनं यायला-जायला लागला. कंडक्टरनं दोनदा बघून घेतलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, की याला पास काढून देऊ का.

पाड्यात तर मशीनला नावच पडलं. जिवाची बायको राही विहिरीवरून येताना हमखास अंगणात डोकवायची आणि विचारायची, "काय रं नितीन, आली का माहेरून?" नितीन मान खाली घालून नाही म्हणायचा. "नांदत नाय म्हण की," असं म्हणून राही हंडा सावरत पुढे जायची. चार दिवसांनी पाड्यातलं कुणीही भेटलं तरी मशीन सासरी आहे की माहेरी, एवढीच चौकशी व्हायची. वर्षाही काही मागे नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्याला कुणी इतक्यांदा माहेरी सोडायला आलं नाही, असं ती भाकरी थापता थापता म्हणायची.

मार्गशीर्ष संपता संपता दांडा सरळ झाला. नितीननं रजा टाकली, पहाटेच्या गाडीनं मशीन आणलं, टाकीत पेट्रोल भरलं आणि कामाला लागला. या वेळी मशीन खरंच छान चाललं. कुंपणालगतचा एक पट्टा साफ झाला, आणि नितीनला आपण आणि आपलं मशीन दोघंही एकदम आवडायला लागली. मग आतून किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं असतं, हे गौतमनं त्याला निदान तीनदा सांगितलं होतं. ऑइलची बाटली घरी खिडकीत होती. नितीननं ती तिथे ठेवली होती ती विसरू नये म्हणूनच.

गौतमनं या वेळी हुंकारही दिला नाही. त्यानं मशीन टेबलाखाली सरकवलं आणि नाशिकहून सामान आलं की फोन करतो म्हणाला.

आता नितीनला घाम फुटला. पौष लागला होता, आणि तोडलेला पट्टा सोडला तर सगळा उतार उभाच होता. इतके दिवस नको असलेला पाडा त्याला आठवला. पण घरोघरी जाऊन बोलवायचं म्हणजे दिवाळीतलं ते वाक्य परत गिळायचं. त्यानं मधला मार्ग काढला. पाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर त्यानं लिहिलं, की रविवारी सकाळी आमच्या वाडीत गवत काढायचं आहे, सर्वांनी विळे घेऊन यावं, जेवण आमच्याकडे, आपला नम्र. पाच मिनिटांत खाली अंगठेच अंगठे. ठाण्याला कामावर असलेल्यांनीसुद्धा अंगठे दिले.

रविवारी वर्षानं पहाटे उठून मोठ्या पातेल्यात आंबील केली, सुकट भाजली, भाकऱ्यांची चळत रचली. नितीन अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. ऊन ओट्यावर आलं, ओट्यावरून अंगणात उतरलं, पण माणूस आलं नाही. शेवटी शेळ्या घेऊन जिवा जाताना दिसला आणि पातेलं बघून थबकला.

"काय रं, लगीन हाय का कुणाचं?"

"काका, तुम्ही अंगठा दिला होता ना?"

"दिला ना," जिवा म्हणाला. "वाचला म्हणून दिला."

आणि तो शेळ्यांमागे निघून गेला. त्या दिवशी बापलेकांनी आणि वर्षानं दोन्ही वेळा आंबील प्यायली, आणि सोमवारी कचेरीत नितीनच्या डब्यात सुकट होती.

नितीनला राग आला. खरं तर लाज वाटली होती, पण ती दाखवायला राग बरा पडतो. लोक मशीनवर जळतात, असं त्यानं ठरवून टाकलं. पुढच्या शनिवारी पोशेऱ्यात उतरल्या उतरल्या तो वर्षाला घेऊन सरळ राहीच्या घरी गेला. निदान राहीकाकीनं तरी तोंडावर सांगावं, असं त्याचं म्हणणं. राही दारात तांदूळ पाखडत होती. ती हसून बसा म्हणाली. नितीन बसायला वाकला आणि त्याची नजर वळचणीकडे गेली.

पत्र्याखालच्या वाशात गवताचा एक पिळा खोचलेला होता. बोटभर जाडीचा, दोन पदरी घट्ट पिळलेला, मधे एकच गाठ. धुरानं काळा पडला होता. पण ती गाठ नितीननं ओळखली. लहानपणी आईच्या मांडीशी बसून त्यानं ती शेकडो वेळा पडताना पाहिली होती.

आणि मग त्याला सगळंच आठवलं, जे त्याला नीट ठाऊक होतं आणि जव्हारच्या टेबलाखुर्चीत बसून तो विसरला होता. पाड्यात गवत कापायला कुणाला तोंडानं बोलवत नाहीत. घरची बाई आपल्या उतारावरचं मूठभर गवत घेते, त्याचा पिळा वळते आणि ज्या घरचे हात हवेत त्या घराच्या वळचणीला खोचून येते. कुणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घर विळे घेऊन हजर. पुढे कधी तरी तिनं त्यांच्या उतारावर जाऊन तितकंच राबायचं, आणि मगच तो पिळा काढून चुलीत घालायचा. तोवर तो वाशातच राहतो.

"हा आयचा," नितीन म्हणाला.

"हां," राही म्हणाली. "शेवटच्या वर्षाचा. आमी आलो व्हतो, तुझी वाडी कापली. मंग गोदी आजारी पडली. तिला जमलं नाय यायला."

"तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं?" राहीनं सूप खाली ठेवलं. "मेलेल्या बाईचं काम तुझ्याकडं मागायचं? आन तू तं मशीन आणलंस. एकटा माणूस पुरे म्हणलास."

आणखी कुणाकडे आहेत, असं वर्षानं विचारलं. राहीनं हातानंच दाखवलं. सोमीकडे, तुकाकडे, पलीकडच्या टेपावरच्या, त्या छोट्या टेकाडावरच्या, घरांकडे. या सगळ्या घरांवरून नितीन तीन वर्षं मोटरसायकल नेत होता, आणि प्रत्येक वळचणीला त्याची आई थांबून राहिली होती. त्याला तिथेच रडू आलं. राहीनं ते पाहिलं आणि कोंबड्यांना हाकलायला म्हणून ती उगाच परसात गेली.

वर्षानं मात्र पदर खोचला. उद्या सकाळी तुमच्याकडे येते, असं तिनं राहीला सांगितलं. नितीन म्हणाला, मीही येतो. राहीनं त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"ये की," ती म्हणाली. "पण पिळा बाईचा, फेड बाईची. तू मोजणीत नाय. भारे उचलायला ये."

अशा रीतीनं सरकारी कारकून नितीन लाडक्या यांची पौष महिन्यात बिनमोजणीचा भारेवाला म्हणून नेमणूक झाली. सुट्टीच्या दिवशी नवराबायको पोशेऱ्यात यायची आणि कुणाच्या तरी उतारावर उतरायची. वर्षानं जन्मात विळा धरला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं गवत गुडघ्याइतकं ठेवून वरवर कापलं, तेव्हा राही तिच्या मागं उभी राहून म्हणाली, ही गवताची हजामत कुठल्या शाळेत शिकवतात? वर्षा हसली, खाली बसली आणि पुन्हा मुळापासून कापायला लागली. दुपारपर्यंत तिच्या तळहातावर फोड आले होते, पण तिनं ते फक्त नितीनला दाखवले. नितीननं तिला आपली मान दाखवली, जी भाऱ्यांनी एका बाजूला वळायची बंद झाली होती.

संध्याकाळी राहीनं वाशातला पिळा काढला, चुलीत सारला आणि त्यावर चहाचं आधण ठेवलं. वाळलेलं गवत ते, क्षणात पेटलं. नितीननं तो चहा बशीत ओतून अगदी हळूहळू प्यायला. त्याला धुराचा वास येत होता आणि साखर जास्त झाली होती, पण इतका चांगला चहा त्याला आठवत नव्हता.

सोमीकडे गवत कधीच उतरलं होतं, म्हणून तिनं दोघांना नागली झोडायला बसवलं. टेपावरच्या एका म्हातारीनं लाकडं फोडून घेतली, वर नितीनचं लाकूड फोडणं बघायला शेजारणीला बोलावून आणलं. दोघींना त्या दिवशी पुष्कळ करमणूक झाली. एकेक पिळा उतरत गेला, एकेका चुलीवर चहा होत गेला. मशीनची चौकशी मात्र थांबली नाही. अजून माहेरीच का, असं कुणी विचारलं की आता वर्षाच सांगायची, की तिला तिकडेच बरं वाटतंय.

लाडक्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होता. तुला पिळे ठाऊक होते तर तू सांगितलं का नाहीस, असं नितीननं त्याला एकदा चिडून विचारलंही. पुरुषानं पिळ्याचं बोलायचं नसतं, एवढंच लाडक्या म्हणाला. जरा थांबून तो म्हणाला, की बोललो असतो तर तू ते फेडायलाही मशीन नेलं असतंस. आणि नितीननं खरोखरच नेलं असतं.

माघ अर्धा सरला. एकच पिळा उरला होता, तुकाच्या घरचा. तुका आणि त्याची बायको मुलीच्या सासरी गेली होती, ती शुक्रवारी परत आली. आणि शनिवारी दुपारी नितीन-वर्षा एसटीतून उतरली, तर समोरच्या डोंगराच्या पाठीमागून धूर चढत होता. पाड्यावर पोचेपर्यंत अंगणात राख पडायला लागली होती. काळ्या, वजन नसलेल्या पाकळ्या. वर्षाच्या केसात एक येऊन बसली.

वणवा डोंगराच्या पलीकडे होता. वारा फिरला नाही तर तो इकडे यायचा नाही. पण वाऱ्याचं कोण सांगणार? काजूला मोहोर होता, आंब्याला बारीक कैऱ्या लागल्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी ते वाळलेलं गवत वाजत उभं होतं. नितीननं चुलीमागचे दोन विळे उचलले.

"आत्ता सुरू करू," तो म्हणाला. "आज आणि उद्या मिळून निदान खालचा पट्टा तरी निघेल."

"उद्या तुकाकाकांकडे जायचंय," वर्षा म्हणाली.

"डोकं फिरलं का तुझं? राख पडतेय अंगणात. तुका पुढच्या रविवारी."

वर्षानं त्याच्या हातातला एक विळा काढून घेतला. तिचा आवाज चढला नाही. शाळेत तिचा आवाज चढला नाही की पोरं जास्त घाबरतात, हे नितीनला माहीत होतं.

"आपण दोघं मरमर मेलो तरी हा उतार दोन दिवसांत निघायचा नाही," ती म्हणाली. "पाडा आला तर निघेल. आणि आईंचा एक पिळा वाशात असताना मी दुसरा खोचणार नाही."

नितीननं लाडक्याकडे पाहिलं. म्हातारा निर्णय देईल, निदान मान तरी हलवेल, असं त्याला वाटलं. लाडक्या धुराकडे बघत होता. त्याचे ओठ आवळलेले होते आणि हातातली तंबाखू तशीच होती. त्यालाही भीती वाटत होती, हे नितीनला स्पष्ट दिसलं. शेवटी नितीननं हातातला विळा परत चुलीमागं ठेवला.

रविवारी सकाळी दोघं तुकाच्या उतारावर गेली. तुकाचं थोडं गवत राखलेलं होतं, म्हशीसाठी. वर्षा आता मुळापासून कापायची, झपाझप, मागं न बघता. नितीन भारे बांधत होता आणि प्रत्येक भाऱ्यामागं मान वाकडी करून समोरच्या डोंगराकडे बघत होता. एकदा धूर दाट झाला तेव्हा त्याला भारा टाकून पळत सुटावंसं वाटलं. मनातल्या मनात त्यानं आईची माफी मागितली, मग बायकोला दोन शिव्या घातल्या, मग त्याचीही माफी मागितली. वारा दिवसभर इकडून तिकडे फिरत राहिला. दुपार कलल्यावर तुकाच्या बायकोनं पिळा काढला आणि चुलीत घातला. चहा पिऊन नितीन आणि वर्षा घरी आली तेव्हा वाडी उभी होती. नितीन पहिल्या काजूच्या बुंध्याला हात लावून नुसता उभा राहिला.

वर्षाला उभं राहायला वेळ नव्हता. तिनं उतारावरून मूठभर गवत उपटलं आणि पिळे वळायला बसली. सोमीनं तिला आधीच शिकवलं होतं, तरी पहिले काही सुटले. गाठ गोदीसारखी काही आली नाही, जराशी फुगीर आली, शाळेच्या पोरीच्या रिबिनीची असते तशी. दिवेलागणीच्या आत ती एकटीच घरोघर फिरून आली. तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि घराघरांतून मंडळी तिला बघून दुसरीकडे बघत होती, कारण तशीच रीत आहे. दोघांनीही जव्हारला फोन करून सोमवारची रजा सांगितली. कारण विचारलं तेव्हा नितीन म्हणाला, घरगुती काम.

सोमवारी उजाडता उजाडता राही आली. तिच्या मागं जिवा, शेळ्यांशिवाय. मग सोमी, मग तुका आणि त्याची बायको, मग टेपावरची माणसं, आणि लाकडं फोडून घेणारी ती म्हातारीसुद्धा, जिला वाकताही येत नव्हतं. ती म्हणाली, मी नुसती ओरडायला आले. समोरच्या डोंगरावर अजून धुराची रेघ होती. सगळे उताराच्या तोंडाशी उभे राहिले आणि थांबले. पहिला विळा घरच्या बाईनं लावायचा असतो.

लाडक्या गुडघ्यावर हात टेकत आत गेला आणि छपरातून एक विळा घेऊन आला. मूठ झिजून गुळगुळीत झालेली, पातं मात्र चकचकीत. तीन वर्षं तो त्याला तेल लावत होता, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं तो वर्षाच्या हातात दिला. वर्षा खाली बसली आणि पहिली मूठ मुळापासून कापली. राहीनं वाकून बुडखे बघितले.

"हजामत नाय," ती म्हणाली, आणि मग सगळे उतारावर पसरले.

गवत कसं गेलं ते नितीनला कळलंही नाही. तो भारे उचलत होता. कापणाऱ्यांत त्याला कुणी घेतलंच नाही. मधेच खिशातला फोन वाजला. गौतम होता. सामान आलं, मशीन झालं, एकदम फर्स्टक्लास चालतंय, घेऊन जा, असं तो म्हणाला. नितीन एका हातानं डोक्यावरचा भारा धरून उभा होता. होळीला येतो, तोवर राहू दे, असं त्यानं सांगितलं. काय म्हणतंय माहेर, असं राहीनं उतारावरून विचारलं, आणि सगळी वाडी हसली.

ऊन उतरायच्या आत उतार मोकळा झाला. झाडांखालची माती दिसायला लागली, तिच्यावर गळालेला मोहोर दिसायला लागला. वाऱ्यानं आता हवं तिकडे फिरावं. माणसं जेवून, तंबाखू खाऊन आपापल्या घरी गेली. जिवा जाताना लाडक्याला म्हणाला, की आता तुझ्या हो-नाहीची गरज दिसत नाय, आणि त्याला त्याचं अजिबात वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ओट्यावर तिघंच उरली. नितीनच्या मनात दिवाळीपासून असलेला प्रश्न आता बाहेर यायला हरकत नव्हती. होळी अजून लांब होती आणि उतार साफ होता.

"बा, तं मंग वाडी..." त्यानं वाक्य अर्धंच ठेवलं.

"पिळे कोणी ठेवले?" लाडक्यानं विचारलं.

"वर्षानं."

"मंग वाडी तिची."

वर्षा भांडी विसळत होती, तिचा हात थांबला. नितीननं मनातल्या मनात हिशेब मांडला. इतके महिने, इतके शनिवार, ती एसटी, तो गौतम, ती मान.

"आन मी?" तो म्हणाला.

"तू मशीन सांभाळ," लाडक्या म्हणाला. त्यानं तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि उताराकडे पाहिलं. "मी तरी काय केलं रं? वाडी तुझ्या आयची व्हती. मी आपलं कुंपण सांभाळलं."

नितीन हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यानं ते पुसले नाहीत. मग तो उठला, अंधार पडायच्या आत कुंपणाकडे गेला आणि मोडलेल्या कामट्या बघायला लागला.